मेडल नंतर, आधी राजा कोणता ते बघा

आमचे पणजोबा पहिल्या महायुद्धात मराठा पलटणीत होते, पूना डिव्हिजनबरोबर मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये गेले आणि कूटच्या वेढ्यात अडकले, घरात एवढंच माहीत होतं. कूट पडलं २९ एप्रिल १९१६ ला. मला लहानपणापासून वाटायचं की पलीकडे कोण होतं बरं, आणि मोठेपणी शोधलं तर कळलं की तुर्कांच्या सहाव्या आर्मीवर एक सत्तरी ओलांडलेला प्रशियन फील्डमार्शल होता, कोलमार फॉन डेर गोल्ट्झ, आणि तो कूट पडायच्या दहाच दिवस आधी बगदादला टायफसने गेला. त्या एका माणसापायी मी जर्मन शिकले आणि मग जर्मन आणि ऑस्ट्रो-हंगेरियन ऑफिसरांची करिअर शोधायचा नादच लागला. आता नवीन लोक विचारतात की सुरुवात कुठून करू, म्हणून हे लिहितेय.

सगळे सुरुवात करतात मेडलपासून. फोटोत छातीवर काय दिसतंय ते ओळखायचं आणि त्यावरून माणूस शोधायचा. मीही तेच केलं आणि त्यात बराच वेळ गेला. आधी हे शोधा की हा माणूस कुठल्या राजाचा ऑफिसर. कारण १८७१ ला जर्मन साम्राज्य एक झालं तरी आर्मी एक झालीच नव्हती, प्रशिया, बव्हेरिया, सॅक्सनी आणि वुर्टेम्बर्ग, चौघांची वॉर मिनिस्ट्री वेगळी, चौघांची मेडलं वेगळी. फक्त नेव्ही सगळ्या साम्राज्याची. आणि आज कागद कुठे सापडणार, सापडणार की नाही, हे सगळं त्यावरच ठरतं. प्रशियन आर्मीचं अर्काइव्ह पॉट्सडॅमला होतं, ते १४ एप्रिल १९४५ च्या रात्री बॉम्बिंगमध्ये जळालं, ऑफिसरांच्या पर्सनल फाइल्स जवळजवळ सगळ्या गेल्या. बव्हेरियाच्या म्युनिकला क्रीग्सआर्काइव्हमध्ये, म्हणजे लष्करी अर्काइव्हमध्ये आहेत, वुर्टेम्बर्गच्या स्टुटगार्टला, सॅक्सनीचं काय उरलंय ते ड्रेस्डेनला, आणि नेव्हीचं फ्रायबुर्गला. एम्डेन या जर्मन क्रूझरने २२ सप्टेंबर १९१४ ला मद्रासवर तोफा डागल्या ते आपल्याकडे बऱ्याच जणांना माहीत असतं, तिचा कॅप्टन कार्ल फॉन म्युलर. त्याच्यासारखा नेव्हीवाला शोधायचा असेल तर फ्रायबुर्ग, आणि तिथे हाताला काहीतरी लागतं. माझा गोल्ट्झ मात्र प्रशियन, म्हणजे सगळ्यात अवघड खात्यातला.

मेडलवरून राजा का ओळखू नये त्याचं उदाहरण देते. ऑक्टोबर १९१७, इसोन्झो नदीवरची इटलीविरुद्धची ती मोठी लढाई, कापोरेत्तो. त्यात डोंगरमाथे घेतले म्हणून दोन जर्मन ऑफिसरांना, शर्नरला ५ डिसेंबरला आणि रोमेलला १० डिसेंबरला पूर ल मेरीत मिळालं. हे प्रशियाच्या राजाचं मेडल, फ्रेडरिक दुसऱ्याने १७४० मध्ये सुरू केलेलं. पण रोमेल वुर्टेम्बर्गचा आणि शर्नर बव्हेरियाचा! गळ्यात प्रशियन क्रॉस बघून प्रशियन फाइल्समध्ये दोघांना शोधत बसलात तर दिवस फुकट जाणार.

आता याद्या. दरवर्षी छापली जायची ती रांगलिस्टं, रेजिमेंटप्रमाणे सगळे ऑफिसर सिनिऑरिटीने, नावापुढे मेडलांची बारीक चिन्हं, त्यांची किल्ली सुरुवातीच्या पानांवर असते ती आधी वाचा. युद्धाआधीची शेवटची प्रशियन यादी ६ मे १९१४ ची. पद्धत अशी की माणूस एका वर्षी सापडला की एकेक वर्ष मागे आणि एकेक वर्ष पुढे जायचं, मधली वर्षं गाळायची नाहीत. गाळली की काय होतं ते मला विचारा. त्या याद्यांत एकाच आडनावाचे लोक असले की नावापुढे रोमन आकडा असतो, पहिला, दुसरा, तिसरा, आणि कोणी वर सरकला किंवा बदलून गेला की आकडा बदलतो. मी दोन वर्षं गाळली आणि एकाच माणसाचे दोन ऑफिसर केले, एकाला लवकर रिटायरसुद्धा करून टाकलं. सहा महिन्यांनी चूक लक्षात आली तेव्हा सगळी वही परत लिहावी लागली. तेव्हापासून मी प्रत्येक नोंदीपुढे प्रमोशनची तारीख लिहिते, कारण नाव सारखं असेल, आकडा बदलेल, पण रँक मिळाल्याची तारीख माणसाबरोबर राहते.

याद्यांमधल्या प्रमोशन आणि बदल्या मिलिटेर-वोखेनब्लाट या लष्करी नियतकालिकाशी ताडून बघायच्या, आणि जखमी किंवा मेला असेल तर फरलुस्टलिस्टं, म्हणजे हानीच्या याद्या, त्या ऑनलाइन नावाने शोधता येतात. एक शब्द मात्र नीट लक्षात ठेवा, काराक्टर. 'काराक्टर मेजर' म्हणजे मान मेजरचा पण खरी जागा कॅप्टनचीच, नवीन लोक हमखास त्याला प्रमोशन धरतात.

बव्हेरियाचं मॅक्स जोसेफ ऑर्डर, तेही एक मेडलच, मिळालं की साध्या घरातला माणूस 'रिटर फॉन', म्हणजे सरदार व्हायचा, तेही फक्त स्वतःपुरतं, मुलांना नाही. म्हणजे १९१४ ला नुसता लेब असलेला माणूस पुढे रिटर फॉन लेब दिसतो. ऑस्ट्रियात उलटं, तिथे १९१९ ला कायद्याने 'फॉन' काढूनच टाकलं, त्यामुळे नंतरच्या कागदात तोच माणूस उघड्या नावाने येतो.

आता व्हिएन्ना, माझी सगळ्यात आवडती जागा. ऑस्ट्रो-हंगेरीत परत तीन सैन्यं, कॉमन आर्मी, ऑस्ट्रियाची लांडवेअर आणि हंगेरीची होनवेद, हे आधी बघून घ्या. कॉमन आर्मीच्या ऑफिसरांची क्वालिफिकाट्सिओन्सलिस्टं, म्हणजे वरिष्ठांनी भरलेल्या नोंदींच्या फाइल्स, तिथल्या क्रीग्सआर्काइव्हमध्ये आहेत, आणि पहिल्यांदा अशी फाइल उघडली तेव्हा मी टेबलावर नुसती बसून राहिले. जन्म, शिक्षण, बदल्या हे तर असतंच, पण घोडा कसा चालवतो, कर्ज आहे का, हाताखालच्यांशी कसा वागतो, आणि कुठल्या भाषा किती येतात हेसुद्धा. ऑफिसरला आपल्या शिपायांची भाषा यायलाच हवी असा नियम होता, मग वरिष्ठ लिहितात, झेक चांगली, हंगेरियन कामापुरती. लग्न करायचं तर आधी ठरावीक रक्कम अनामत ठेवावी लागायची, ती काउत्सिओन, त्याचाही पत्ता लागतो. मेडलांच्या यादीतून असा माणूस कधीच दिसला नसता. साध्या शिपायांच्या फाइल्स मात्र बऱ्याचशा १९१८ नंतर नवीन देशांना वाटल्या गेल्या, त्यामुळे प्राग, बुडापेस्टलाही विचारावं लागतं. आणि गावाची नावं सगळ्या भाषांत लिहून ठेवा. प्रेसबुर्ग, पोझोनी आणि ब्रातिस्लाव्हा एकच आहे, लेम्बेर्ग आणि ल्विव्ह एकच.

मेडलच्या तारखेचंही सांगते, कारण पराक्रमाची तारीख आणि मेडलची तारीख यात खूप अंतर असू शकतं. ऑस्ट्रो-हंगेरियन नेव्हीच्या गेओर्ग फॉन ट्रापने पाणबुडीतून लेओं गांबेता ही फ्रेंच क्रूझर बुडवली एप्रिल १९१५ मध्ये, आणि त्याला मारिया थेरेसिया ऑर्डर मिळालं १९२४ ला, म्हणजे राजा गेला, साम्राज्य गेलं, त्याच्यानंतर. त्या ऑर्डरची समिती १९३१ पर्यंत अर्ज तपासत होती. म्हणून १९१८ ला वही बंद करू नका.

फोटो सगळ्यात शेवटी. आयर्न क्रॉस दुसऱ्या वर्गाचा असेल तर बटणाच्या काजात काळीपांढरी रिबन, पहिल्या वर्गाचा थेट छातीवर टाचलेला, एवढं सोपं. पण बाकी रिबनींचा रंग फोटोवरून ठरवू नका, त्या काळच्या फिल्मवर लाल आणि पिवळा काळपट येतो, निळा फिका, मी एका रिबनीचा रंग अगदी उलटा धरला होता.

वाचण्याची भीती वाटते ती खरी आहे, फ्राक्टुर, म्हणजे छापील जुनी जर्मन लिपी, आठवड्याभरात जमते, फक्त लांब 's' आणि 'f' यात घोळ होतो. हाताने लिहिलेली कुरेन्ट मात्र महिने घेते, तिथे 'e' आणि 'n' जुळ्या बहिणीसारखे दिसतात. इन्सब्रुकच्या ट्रान्सक्रिबुस या हस्तलिखित वाचणाऱ्या प्रोग्रामवर टाका, ते बरंच वाचून देतं, पण नाव आणि तारीख स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

पहिला माणूस निवडताना प्रशियन घेऊ नका, हे माझं मनापासूनचं सांगणं. बव्हेरियन घ्या किंवा ऑस्ट्रियन घ्या, फाइल सापडली की हात बसतो. अर्काइव्हला मेल करताना पूर्ण नाव, जन्मवर्ष, रेजिमेंट आणि कुठली आर्मी एवढं जर्मनमध्ये चार ओळीत लिहा, त्यातली शेवटची गोष्ट नसेल तर मेल पाठवूच नका, ती आधी शोधा.