जुनी मोसिन-नागांट घेताना नळीचं तोंड बघा

अमेरिकेत नेमबाजीसाठी ९१/३० मोसिन-नागांट ही जुनी सोव्हिएत लष्करी रायफल घेताना चकचकीत पॉलिश आणि भागांवरच्या जुळणाऱ्या नंबरांवर भुलू नका. युद्धानंतर सोव्हिएत कारखान्यांत या रायफली दुरुस्त झाल्या, तेव्हा बऱ्याच बोल्टांवर (नळी मागून बंद करणारा सरकता दांडा) रायफलीशी जुळणारे नंबर नव्याने ठोकले गेले. खरी पारख नळीची. रायफल रिकामी असल्याची खात्री करा, बोल्ट काढा आणि मागून उजेडाकडे बघा: आतले चर ठसठशीत, कडा धारदार हव्यात. तोंडाशी थोडे चर कातून काढून टाकलेले दिसले तर लगेच नाकारू नका. साफसफाईच्या सळईने झिजलेला भाग तसा काढत, आणि काम सरळ झालं असेल तर नेम छान लागतो. पहिल्या गोळीआधी गनस्मिथकडून (बंदुका दुरुस्त करणारा कारागीर) हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्ट आणि आतल्या काडतुसाची बैठक यांतलं अंतर, तपासून घ्याच. जुनी सरप्लस (लष्कराकडून उरलेली) काडतुसं वापरलीत तर त्याच दिवशी नळी गरम पाण्याने धुऊन, कोरडी करून तेल लावा. त्यांच्या प्रायमरमधल्या (काडतुसाच्या बुडाशी दारू पेटवणारा भाग) क्षारांनी गंज चढतो.