नव्या हेडमास्तरांसाठी: बुडालेला तास आणि मागचा बाक

नव्याने मुख्याध्यापक झालेलं कुणी सल्ला विचारायला आलं, की मी उलट विचारतो, "काल तुमच्या शाळेत किती तास बुडाले?" यू-डायसचे, म्हणजे सरकारला द्यायच्या शाळेच्या माहितीचे, आकडे तोंडपाठ असतात, शालार्थवरची पगाराची बिलं वेळेवर जातात, पण याचं उत्तर बहुतेकांकडे नसतं. बीड जिल्ह्यातल्या एका अनुदानित माध्यमिक शाळेत मी 11 वर्षं हेडमास्तर होतो. पहिली दोन वर्षं माझ्याकडेही नव्हतं.

तेव्हा टेबलावर एक साधी शंभरपानी वही ठेवा. कोण रजेवर, त्यांचा कोणता तास, तिथं कोण गेलं, हे स्वतः लिहा. पर्यवेक्षकांवर सोपवू नका. बदली तासाला कुणाला पाठवताना "वर्ग सांभाळा" म्हणालात, की ते खुर्चीत बसून पेपर तपासणार आणि पोरं धडा उतरवत बसणार. काय घ्यायचं ते सांगून पाठवा. आणि पहिला बदली तास तुम्ही घ्या. मी नववी 'ब'वर गणिताला गेलो आणि बहुपदींच्या भागाकारात अडकलो. पोरं हसली. पण ती बातमी स्टाफरूममध्ये पोचली आणि त्यानंतर "मलाच का?" ही कुरकुर बरीच कमी झाली.

लॉगबुकात, म्हणजे शिक्षकांचा पाठ बघून शेरे लिहायच्या वहीत, मात्र मी माती खाल्ली. बावीस वर्षं नोकरी झालेल्या एका सरांचा पाठ बघून मी लिहिलं, 'फलकलेखन अस्पष्ट', आणि शिपायाच्या हाती लॉगबुक सहीला धाडलं. सरांनी सही केली आणि दिवाळीपर्यंत माझ्याशी कामापुरतंच बोलले. शेरा खोटा नव्हता. पण तो वाचून त्यांचा फळा काही सुधारला नाही.

पुढं मी मागच्या बाकावर बसून शेजारच्या पोराची वही मागायला लागलो. फळ्यापेक्षा वही जास्त बोलते. 4 तारखेनंतर थेट 19 तारीख दिसली, की मधले दिवस कुठं गेले ते विचारता येतं. वर्गात तोंड उघडू नका. मधल्या सुट्टीत त्या शिक्षकांना चहाला बोलवा, "आज कुठं अडलं असं वाटतं?" एवढंच विचारा आणि ऐका. मग एकच गोष्ट ठरवा, पंधरा दिवसांनी त्याच वर्गात परत जा आणि शेरा तेव्हा लिहा. परत न येणारा हेडमास्तर शिक्षक पहिल्याच सत्रात ओळखतात.

फाटकाशी उभं राहणं वगैरे कराच. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

आमच्याकडं खरी कसोटी दसऱ्याच्या आसपास. आईबाप ऊसतोडीला निघतात, पोरंही टोळीबरोबर जातात आणि दहावीचा बाक रिकामा होतो. यादी सप्टेंबरातच करा आणि घरी स्वतः जा. एका आजीनं मला दारातच विचारलं, "पोरगी ठेवून घेते, पण सकाळचं पाणी कोण भरणार? टँकर आला की तिला जावंच लागतं." म्हणजे पहिला तास तिचा बुडणारच. दहावीला पहिला तास इंग्रजीचा होता. तो मी चौथा केला आणि त्या जागी पीटी आणली. पोरगी राहिली, परीक्षेला बसली.

पीटीचे सर तेवढे आठवडाभर रुसले. त्यांना शेवटचा तास हवा होता, गावच्या एसटीच्या आधी सुटणारा.