घरच्या स्टोरेज सर्व्हरसाठी आधी मदरबोर्ड, मग प्रोसेसर

घरातले फोटो, व्हिडिओ आणि कागदपत्रं एका जागी ठेवायला सर्व्हर बांधायचा ठरला, की बहुतेक जण आधी प्रोसेसर शोधायला बसतात. माझं म्हणणं, सुरुवात उलट्या बाजूने करा. फायलींची देवघेव कुठल्याही आजच्या प्रोसेसरला जड नाही. गाडी अडते ती मदरबोर्डवर.

पायरी १ : डिस्क मोजा

आज किती लावणार आणि तीन-चार वर्षांनी किती, हे कागदावर लिहा. त्यात सिस्टिमसाठी एक वेगळी एसएसडी धरा. साध्या बोर्डवर बरेचदा ४ साटा पोर्ट (डिस्कची केबल जोडायच्या जागा) असतात, म्हणजे चार डेटा डिस्क लावल्या की जागा संपली. एसएसडी एम.२ स्लॉटमध्ये (बोर्डवरच सपाट बसणाऱ्या छोट्या एसएसडीची खाच) बसवली तर पोर्ट वाचतो, पण तिथेही एक मेख आहे.

पायरी २ : बोर्ड घेण्याआधी त्याचं मॅन्युअल वाचा

हे मी एकदा केलं नाही. सहा पोर्टचा बोर्ड, सहा डिस्क, सगळं नीट चालू होतं. एम.२ स्लॉटमध्ये एसएसडी बसवली आणि दोन डिस्क दिसेनाशा झाल्या. केबल बदलल्या, पॉवरचे कनेक्टर काढून पुन्हा घातले, डिस्कच गेल्या असं धरून चाललो. दुसऱ्या दिवशी मॅन्युअलमधल्या तक्त्याखाली बारीक अक्षरांत सापडलं : या स्लॉटमध्ये एसएसडी लावल्यास साटा ५ आणि ६ बंद राहतील. स्लॉट आणि पोर्ट एकाच वाटेवर होते. कोणता स्लॉट कोणाची वाट अडवतो, हे सांगणारा तक्ता बहुतेक मॅन्युअलमध्ये असतो. तो पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

पोर्ट कमी पडले तर कार्ड लावता येतं, म्हणून रिकामा पीसीआयई स्लॉट (जादा कार्ड बसवायची खाच) हवाच. मात्र स्लॉट लांबीला १६ लेनचा (लेन म्हणजे डेटाची एक वाट) दिसला, तरी आत तारा ४ किंवा एकाच लेनच्या असू शकतात. पीसीआयई ३.० ची एक लेन सेकंदाला साधारण ९८५ एमबी वाहते आणि हार्ड डिस्क दीडशे ते अडीचशे. त्यामुळे दोन लेनचं, एएसएम११६६ चिपचं सहा पोर्टी कार्ड घरी पुरेसं होतं. एकाच पोर्टला फाटे फोडणारे पोर्ट मल्टिप्लायर टाळा. आठ डिस्क हव्या असतील तर एलएसआय ९२०७-८आय सारखं एचबीए (डिस्क जोडायचं कार्ड) घ्या, पण ते आयटी मोडमध्ये, म्हणजे डिस्क जशाच्या तशा पुढे देणाऱ्या मोडमध्ये चालवा, मग झेडएफएस या फाइल सिस्टिमला डिस्क थेट दिसतात. ही कार्डं सर्व्हरमधल्या जोरदार वाऱ्यासाठी बनलेली असतात. घरच्या शांत कॅबिनेटमध्ये त्यांच्यावर छोटा पंखा लावावाच लागतो.

पायरी ३ : मेमरी ठरवा

वर्षानुवर्षांचे फोटो ठेवणार असाल तर ईसीसी मेमरी घ्या, असं माझं मत आहे. मेमरीत उलटलेला एखादा बिट ती दुरुस्त करते. मात्र प्रोसेसर आणि बोर्ड दोघांनीही तिला साथ द्यायला हवी. इंटेलच्या एलजीए१७०० सॉकेटवर त्यासाठी डब्ल्यू६८० सारखा चिपसेट (बोर्डवरची मुख्य नियंत्रक चिप) लागतो. एएमडीत रायझन ५ ५६००जी ईसीसी चालवत नाही, प्रो ५६५०जी चालवतो. डीडीआर५ च्या चिपमधली अंगभूत दुरुस्ती म्हणजे ईसीसी नव्हे. आणि सर्व्हरमधून निघालेल्या स्वस्त रजिस्टर्ड मेमरीच्या मोहात पडू नका. घरगुती बोर्डवर ती चालत नाही.

पायरी ४ : नेटवर्क पोर्ट पाहा

एक गिगाबिटवर सेकंदाला ११० एमबीच्या आसपास मिळतात, म्हणजे एकटी हार्ड डिस्कही त्यापेक्षा वेगवान. राऊटर किंवा स्विच साथ देत असेल तर २.५ गिगाबिटचा बोर्ड घ्या.

पायरी ५ : आता प्रोसेसर

सर्व्हर दिवसातला बहुतेक वेळ रिकामा बसतो, म्हणून रिकामा असताना तो किती वीज खातो तेच पाहा. खोक्यावरचा ६५ वॅटचा आकडा ते सांगत नाही. वर्षभर २० वॅट जास्त म्हणजे १७५ युनिट जास्त. नावात ‘टी’ असलेले प्रोसेसर फक्त कमाल वीज आवरतात; रिकामे असताना फारसा फरक पडत नाही, त्यासाठी जादा पैसे मोजू नका.

नुसत्या फायली आणि बॅकअप असेल तर ४ कोरच्या इंटेल एन१०० वर भागतं. पण त्याच्याकडे पीसीआयईच्या ९ च लेन आहेत आणि तो ईसीसी घेत नाही. टीव्हीवर आणि फोनवर व्हिडिओ रूपांतर करून पाठवायचे असतील तर अंगभूत ग्राफिक्सचा इंटेल बरा. त्यातलं क्विक सिंक, म्हणजे व्हिडिओ रूपांतराची खास सोय, ते काम हलक्या हाताने करतं. नावाच्या शेवटी ‘एफ’ असेल तर ग्राफिक्स नाही, हे लक्षात ठेवा.

पायरी ६ : डेटा भरण्याआधी तपासा

सगळ्या डिस्क, एम.२ आणि कार्ड एकदम लावा आणि सगळं दिसतंय का पाहा. मेमरी तपासणारा मेमटेस्ट प्रोग्रॅम रात्रभर चालू ठेवा. बायोसमध्ये (बोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) वीज परत आल्यावर आपोआप सुरू होण्याची सोय चालू करा, मग मुख्य स्विच बंद-चालू करून खात्री करून घ्या. हे सगळं बोर्ड परत करण्याची मुदत संपायच्या आत उरकून घ्या.