पॉइंटांवर फर्स्ट क्लास: गावातून तिकीट काढताना

आधी सीट शोधा, मग पॉइंट हलवा. क्रेडिट कार्डाच्या खर्चावर मिळालेले बँकेचे पॉइंट एकदा एअरलाइनच्या खात्यात जाऊन माइल्स (एअरलाइनचे पॉइंट) झाले की परत येत नाहीत. सिंगापूर एअरलाइन्सचं क्रिसफ्लायर हे माइल्सचं खातं फुकट उघडतं, आणि माइल्सवरची सीट 355 दिवस आधीपर्यंत शोधता येते. फर्स्टच्या अशा सीट मोजक्याच सुटतात. तारीख मागेपुढे करून पाहा.

सगळ्यात जास्त घोळ नावाचा. पासपोर्टवर बहुधा वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव तुमच्या नावाला जोडून असतं, कार्डावर नुसतं नाव-आडनाव. एअरलाइनचं खातं पासपोर्टप्रमाणेच उघडा. ‘पाटील’मध्ये ‘आय’ आहे की ‘डबल ई’, तेही ताडून घ्या. बँकेतलं नाव जुळत नसेल तर आधी ते दुरुस्त करा.

आता हिशेब. समजा 100 रुपयांमागे 2 पॉइंट आणि 2 पॉइंटांना 1 माइल, तर 1 लाख माइल्सला 1 कोटीचा खर्च लागेल! असं कार्ड या कामाचं नाही. डिझेलवर बऱ्याच कार्डांना पॉइंट मिळतच नाहीत. कृषी केंद्रवाला बियाणं-खताच्या बिलावर कार्डासाठी 2 टक्के जादा लावत असेल, तर रोख द्या. बिल थकवून व्याज भरलं, तर पॉइंट महागातच पडले.

ओटीपी वेळेत येईल अशा रेंजमध्येच बसून ट्रान्सफर करा. माइल्सच्या तिकिटावरही कर वेगळा भरावा लागतो. नागपूर-मुंबई तिकीट वेगळं असेल, तर आदल्या दिवशीच मुंबई गाठा. पहिलं विमान चुकलं तर पुढची एअरलाइन जबाबदारी घेत नाही.