सोडियम-पोटॅशियम एटीपेज आणि सशाची पॉलिक्लोनल अँटिबॉडी : या चुका टाळा

वेस्टर्न ब्लॉटवर (जेलमध्ये वजनानुसार वेगळी केलेली प्रोटीन अँटिबॉडीने शोधण्याच्या पद्धतीत) अपेक्षित जागी बँड म्हणजे प्रोटीनचा पट्टा दिसला नाही, की पहिला संशय अँटिबॉडीवर जातो आणि नवी बाटली मागवली जाते. मानवी पेशीपटलातील सोडियम-पोटॅशियम एटीपेज या, सोडियम बाहेर व पोटॅशियम आत नेणाऱ्या विकराच्या अल्फा-१ उपघटकाबाबत हा संशय बरेचदा अनाठायी असतो, कारण अँटिबॉडी ब्लॉटला लागण्याच्या कितीतरी आधी, नमुना तयार करतानाच काम बिघडलेले असते.

सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे नमुना उकळणे. अल्फा उपघटकाची साखळी पेशीपटलातून दहा वेळा आरपार जाते. पाण्याशी न जमणारे हे दहा पट्टे असलेले प्रोटीन लोडिंग बफरमध्ये ९५ अंश सेल्सिअसला पाच मिनिटे ठेवले, तर पट्टे एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात. या गुठळ्या जेलमध्ये नीट शिरत नाहीत, आणि १०० किलोडाल्टनच्या आसपास अपेक्षित असलेला बँड फिका पडून वेलच्या (जेलमध्ये नमुना भरण्याच्या खाचेच्या) तोंडाशी धुरकट डाग राहतो. उकळणे इतके अंगवळणी पडलेले असते की ते कार्यपद्धतीत वेगळे लिहिलेलेही नसते, त्यामुळे चूक शोधताना त्याकडे लक्षच जात नाही. एकाच लायसेटचे (पेशी फोडून मिळालेल्या द्रवाचे) तीन भाग करावेत. एक खोलीच्या तापमानाला व दुसरा ३७ अंशांना अर्धा तास ठेवावा, तिसरा नेहमीप्रमाणे उकळावा, आणि तिन्ही शेजारच्या लेनमध्ये चालवावेत. पहिल्या दोन लेनमध्ये बँड उमटला आणि तिसऱ्यात नाही, तर बाटलीचा दोष नाही.

दुसरी चूक पेशी फोडतानाची. बफरमध्ये पुरेसे डिटर्जंट नसेल तर हे विकर पटलाच्या तुकड्यांसह तळाशी बसते आणि आपण वरचा स्वच्छ द्रव घेऊन नेमका गाळ फेकून देतो. निदान पहिल्या प्रयोगात तरी गाळ जपून ठेवावा व तोही जेलवर चालवावा. धन नियंत्रण (बँड नक्की दिसायलाच हवा असा नमुना) म्हणून मूत्रपिंडाचे लायसेट उत्तम, कारण तेथे हे विकर विपुल असते.

बँड दिसल्यावरही वजनावरून गोंधळ होतो. अनुक्रमावरून अल्फा-१ चे वजन सुमारे ११३ किलोडाल्टन येते, पण जेलवर तो १०० च्या जवळ धावतो. एवढ्यावरून तो चुकीचा बँड ठरवू नये. याच विकराच्या दुसऱ्या, बीटा उपघटकाचे उलट असते. त्याचा प्रोटीनचा गाभा सुमारे ३५ किलोडाल्टनचा असला तरी त्यावरील शर्करांमुळे तो ४५ ते ५५ च्या दरम्यान पसरट दिसतो. म्हणूनच सशाच्याच अँटिबॉडीने इम्युनोप्रेसिपिटेशन करून (म्हणजे अँटिबॉडीने प्रोटीन द्रावणातून ओढून काढून) बीटा शोधणाऱ्यांनी सावध राहावे, कारण अँटिबॉडीची जड साखळीही ५० किलोडाल्टनलाच येते. अशा वेळी फक्त हलकी साखळी ओळखणारी दुय्यम अँटिबॉडी (प्रोटीनला चिकटलेल्या प्राथमिक अँटिबॉडीला ओळखणारी) वापरावी.

कोणत्या तुकड्याविरुद्ध सशाला टोचले होते, हे माहितीपत्रकात वाचल्याशिवाय प्रयोग आखू नये. अल्फाची चार रूपे आहेत. अल्फा-१ जवळपास सर्वत्र, अल्फा-२ प्रामुख्याने स्नायू व अ‍ॅस्ट्रोसाइटमध्ये, अल्फा-३ चेतापेशींत आणि अल्फा-४ वृषणात आढळते. चारही रूपांत समान असलेल्या पट्ट्याविरुद्धची अँटिबॉडी मेंदूच्या नमुन्यात एकत्रित बेरीज दाखवते, आणि ती अल्फा-१ म्हणून मांडणे चूक आहे. शिवाय साखळीची दोन्ही टोके पेशीच्या आत असल्याने टोकाविरुद्धची अँटिबॉडी छिद्रे न पाडलेल्या जिवंत पेशींवर काहीच दाखवणार नाही.

ऊतींच्या छेदांत स्थान पाहून खातरजमा करता येते. मूत्रपिंडाच्या नलिकांत रंग पेशीच्या तळाशी आणि बाजूंना यायला हवा. पोकळीकडील कडेला आला तर शंका घ्यावी. कोरॉइड प्लेक्सस (मेंदूतील द्रव तयार करणारी ऊती) मात्र याला खरा अपवाद आहे, तेथे हे विकर वरच्या कडेलाच असते. मूत्रपिंडात स्वतःचे बायोटिन भरपूर असते, म्हणून अ‍ॅव्हिडिन-बायोटिन पद्धत (बायोटिनला घट्ट चिकटणाऱ्या प्रोटीनच्या साहाय्याने रंग आणण्याची) वापरताना ते आधी झाकावे, नाहीतर प्राथमिक अँटिबॉडी न लावलेला छेदही रंगतो.

सशाला टोचलेले पेप्टाइड (प्रोटीनचा छोटा तुकडा) अँटिबॉडीत मिसळल्यावर बँड गेला म्हणजे अँटिबॉडी विशिष्ट आहे, हा समज मला धोकादायक वाटतो. त्याच पेप्टाइडविरुद्धची अँटिबॉडी दुसऱ्या प्रोटीनला चिकटत असली तरी तो बँडही तसाच जातो. जनुकाची अभिव्यक्ती आरएनए हस्तक्षेपाने घटवून पाहणे अधिक भरवशाचे. हे विकर पूर्ण गेले तर पेशी जगत नाही, त्यामुळे बँड फिका झाला तरी पुरावा समाधानकारक मानावा.

साठवणीतली एक बारीक गोष्ट म्हणजे सोडियम अझाइड. प्राथमिक अँटिबॉडीत ते चालते, कारण नंतर ती धुतली जाते. पेरॉक्सिडेज (बँड दृश्य करणारे विकर) जोडलेल्या दुय्यम अँटिबॉडीच्या द्रावणात ते पडले तर पेरॉक्सिडेजच निकामी होतो. लॉट (उत्पादनाची खेप) क्रमांक प्रत्येक ब्लॉटसोबत नोंदवावा. पॉलिक्लोनल म्हणजे एका प्राण्याच्या रक्तातील अनेक अँटिबॉडींचे मिश्रण, आणि दुसऱ्या सशाकडून तेच मिश्रण मिळत नाही. म्हणून जुन्या लॉटचे काही मायक्रोलिटर शिल्लक असतानाच नवा लॉट त्याच लायसेटवर, त्याच दिवशी, निरनिराळ्या विरलनांना तपासून घ्यावा.