व्हीआर हेडसेटमध्ये लांबची अक्षरं धूसर दिसत असतील तर

व्हीआर हेडसेट म्हणजे आभासी जग दाखवणारा, डोळ्यांवर लावायचा पडदा. त्यात एक गेम खेळताना जवळचं ठीक दिसायचं, पण लांबच्या पाट्या धुरकट आणि कडा थरथरणाऱ्या. भिंगं पुसली, पट्टा घट्ट केला, भिंगांमधलं अंतर बदललं, ग्राफिक्स कार्ड चालवणारा ड्रायव्हर प्रोग्रामही नवा टाकला. आठवडाभरात जीव मेटाकुटीला आला.

उपाय स्टीमव्हीआरमध्ये, म्हणजे संगणकावरून हेडसेटमध्ये गेम चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये, सापडला. सेटिंग्ज उघडून व्हिडिओत गेलो. रेंडर रिझोल्यूशन (चित्र किती पिक्सेलमध्ये, म्हणजे किती ठिपक्यांत काढायचं ते) ‘ऑटो’वर होतं आणि माझ्या जुन्या ग्राफिक्स कार्डानुसार बरंच खाली उतरलेलं. ते ‘कस्टम’ करून १०० टक्के केलं. मग तिथूनच त्या गेमचं स्वतंत्र सेटिंग उघडलं. तिथला आकडा आधीच्या आकड्याशी गुणला जातो, म्हणून तोही १०० हवाच. माझा ६० होता. गेम बंद करून पुन्हा सुरू केला. पाट्या स्वच्छ!

हे टक्के एकूण पिक्सेलचे असतात, रुंदीचे नव्हेत. चित्र अडखळलं तर थोडं थोडं खाली या.