आधी ४९५, मग ६१७४ : गणितकोड्यांचा तास नव्याने घेणाऱ्या शिक्षकांसाठी

शाळेतील गणित मंडळाचे काम नव्याने हाती घेणारे शिक्षक बहुधा पहिला प्रश्न विचारतात तो हा की, मुलांसाठी कोडी आणायची कोठून. कोड्यांचा तुटवडा कधीच पडत नाही. विचार करावा लागतो तो कोणते कोडे कोणत्या इयत्तेपुढे ठेवायचे याचा, आणि त्यासाठी मी एकच कसोटी लावते : गंमत पाहून झाल्यावर ‘असे का होते?’ या प्रश्नाचे उत्तर त्या वयाच्या मुलाला स्वतःच्या वहीत शोधता आले पाहिजे.

द. रा. कापरेकर यांचा ६१७४ हा स्थिरांक बहुतेकांना ठाऊक असतो. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून मोठ्या संख्येतून लहान संख्या वजा करावी, आणि आलेल्या उत्तरावर हीच क्रिया करत राहावे. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ येते. ३५२४ घेतली तर ३०८७, ८३५२ आणि मग ६१७४. डहाणूला १९०५ मध्ये जन्मलेले आणि देवळालीच्या शाळेत शिकवणारे कापरेकर यांनी हा गुणधर्म १९४९ मध्ये मांडला, हे मी वर्गात आवर्जून सांगते, कारण आपल्यासारख्याच शाळेतील एका शिक्षकाने हे शोधले ही गोष्ट मुलांच्या मनात घर करते.

तरीही पहिल्या तासाला मी ६१७४ घेत नाही, कारण तेथील ‘का’ शोधण्यासाठी बऱ्याच शक्यता तपासाव्या लागतात आणि मुलांच्या हाती केवळ आश्चर्य उरते. तीन अंकी संख्यांवर हीच क्रिया केली तर ४९५ येते, आणि तेथे संपूर्ण उलगडा एका तासिकेत फळ्यावर होतो. मुलांनी काढलेल्या पहिल्या वजाबाकीची उत्तरे एकाखाली एक लिहून घ्यावीत आणि काही न बोलता थांबावे. मधला अंक प्रत्येक वेळी ९ येतो आणि कडेच्या दोन अंकांची बेरीजही ९ होते, हे कोणाच्या तरी लक्षात येतेच. सातवी-आठवीच्या मुलांना पुढचे पाऊल टाकता येते : सर्वांत मोठा अंक क आणि सर्वांत लहान अंक ख मानला, तर मधला अंक वजाबाकीत नाहीसा होतो आणि उत्तर ९९ × (क − ख) एवढे राहते. म्हणजे आरंभ कोठूनही केला तरी पहिल्या वजाबाकीनंतर ०९९, १९८, २९७ पासून ८९१ पर्यंत नऊच उत्तरे शक्य असतात, आणि ती सारी ८९१, ७९२, ६९३, ५९४ अशा पायऱ्या उतरत ४९५ वर येऊन थांबतात. शेकडो संख्यांचे कोडे नऊ संख्यांवर आले हे ज्या क्षणी वर्गाला उमगते, त्या क्षणासाठी हा सारा खटाटोप करावा असे मला मनापासून वाटते.

येथे एक काळजी घ्यावी. कोणीतरी २११ घेतो, त्याची वजाबाकी ९९ येते, पुढे ९९ मधून ९९ वजा केले जातात आणि “बाई, माझं तर शून्य आलं!” अशी तक्रार येते. शतकस्थानचे शून्य सोडायचे नाही, ०९९ असेच लिहून ९९० मधून ते वजा करायचे, हे आधी सांगण्यापेक्षा त्या प्रसंगी सांगितलेले अधिक पक्के बसते.

परिपाठात सांगायच्या माहितीलाही हीच कसोटी लावावी. १७२९ ही संख्या रामानुजन यांच्यामुळे प्रसिद्ध आहे एवढे सांगून थांबू नये. १ आणि १२ यांच्या घनांची, तसेच ९ आणि १० यांच्या घनांची बेरीज मुलांना करू द्यावी. तिच्या अंकांची बेरीज १९ आणि १९ × ९१ = १७२९, म्हणून ती कापरेकरांच्या व्याख्येप्रमाणे हर्षद संख्याही ठरते. व्हॉट्सॲपवर फिरणारे दावे मात्र तपासल्याशिवाय फळ्यावर लिहू नयेत. पाच शुक्रवार, पाच शनिवार आणि पाच रविवार असलेला महिना ८२३ वर्षांतून एकदाच येतो, हा त्यांतलाच एक. वास्तविक शुक्रवारी सुरू होणारा ३१ दिवसांचा कोणताही महिना तसाच असतो. मार्च २०२४, ऑगस्ट २०२५ आणि मे २०२६ हे मुलांनी दिनदर्शिकेत स्वतः पाहावेत.

४९५ चा तास संपताना दोन अंकी संख्यांचा प्रश्न घरी सोडवण्यासाठी द्यावा. तेथे एकच संख्या मिळत नाही. ०९, ८१, ६३, २७, ४५ आणि पुन्हा ०९ असे चक्र फिरत राहते. हे उत्तर वर्गात आधी सांगू नये. ६१७४ त्याच्या पुढच्या आठवड्यात घ्यावे.